जीवशास्त्राचा स्वतंत्र प्रकल्प : आखणीपासून अहवालापर्यंत

२०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याची तयारी सुरू झाल्यापासून नाशिकमध्ये गोदावरीच्या पाण्याची चर्चा सतत होते आहे. साहजिकच अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना जीवशास्त्राचा प्रकल्प करायला सांगितला की ‘गोदावरीचे प्रदूषण’ हा विषय हमखास पुढे येतो. विषय मोलाचा आहे आणि मुलांना त्याची खरोखर कळकळ असते. तरीही असे बरेचसे प्रकल्प वर्तमानपत्रांतील कात्रणे, रामकुंडाची छायाचित्रे आणि ‘प्रदूषण रोखणे ही काळाची गरज आहे’ या वाक्यावर संपतात. त्यांत माहिती गोळा केलेली असते, पण काही शोधून काढलेले नसते.

दुसरीकडे, स्वतः शोध घेण्याची अपेक्षा अभ्यासक्रमांत वाढत चालली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पाठांतराऐवजी शोधक वृत्तीने शिकण्यावर भर दिला. सीबीएसईच्या बारावीच्या जीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकात शोधप्रकल्प आणि त्यावरील तोंडी परीक्षा असते. राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेसारख्या उपक्रमांत तर स्थानिक प्रश्नावरील स्वतंत्र अभ्यासच मांडायचा असतो. स्वतंत्र प्रकल्प म्हणजे काय, तो कोठून सुरू करायचा आणि कसा लिहायचा, हे मात्र विद्यार्थ्यांना क्वचितच पायरीपायरीने समजावले जाते. या लेखात तेच एका उदाहरणाच्या आधारे केले आहे. उदाहरण नाशिक जिल्ह्यात कोणत्याही घरी सापडणाऱ्या वस्तूचे आहे: कांदा.

विषय आणि प्रश्न यांतील अंतर

‘गोदावरीचे प्रदूषण’ हा विषय झाला. त्याचे उत्तर देता येत नाही, कारण त्यात काही विचारलेलेच नाही. ‘गोदावरी प्रदूषित आहे का?’ हा प्रश्न दिसतो खरा, पण ‘प्रदूषित’ म्हणजे नेमके काय मोजायचे ते त्यात ठरलेले नाही. ‘गोदावरीच्या पाण्याचा वनस्पतींवर काय परिणाम होतो?’ हा प्रश्न थोडा पुढे गेला, तरी कोणत्या जागेचे पाणी, कोणती वनस्पती आणि कोणता परिणाम, हे सगळे अजून मोकळेच आहे.

आता हा प्रश्न पाहा: ‘पाण्यात कपडे धुण्याच्या पावडरीचे प्रमाण शून्यापासून ०.५ टक्क्यांपर्यंत वाढवत नेले, तर ७२ तासांत कांद्याच्या मुळांची वाढ किती मिलिमीटरने कमी-जास्त होते?’ नदीकाठी कपडे धुतले जातात, साबणाचे पाणी नदीत जाते, या निरीक्षणातूनच तो आला आहे. पण आता काय बदलायचे, काय मोजायचे, कशावर आणि किती वेळ, हे सर्व त्या एका वाक्यात आहे. चांगल्या प्रश्नाची ओळख हीच की तो वाचून दुसऱ्या माणसाला प्रयोगाचे चित्र डोळ्यांसमोर उभे करता येते. मुलांना असा अरुंद प्रश्न सुरुवातीला फार क्षुल्लक वाटतो. नदीचा एवढा मोठा प्रश्न आणि आपण कांद्याची मुळे मोजत बसायचे, असे वाटून ती पुन्हा मोठ्या विषयाकडे वळतात. माझ्या मते प्रकल्प फसण्याचे सर्वांत मोठे कारण हे आहे. एका शाळकरी मुलाला काही आठवड्यांत जे खात्रीने सांगता येईल, तेवढाच प्रश्न विचारणे यातच प्रामाणिकपणा आहे.

कांदाच का?

कांद्याची मुळे पाण्यातील द्रव्यांना लवकर प्रतिसाद देतात. मुळाच्या टोकाशी पेशींचे विभाजन वेगाने चालू असते आणि पाण्यातील अपायकारक पदार्थ थेट त्या पेशींना भिडतात, त्यामुळे वाढ मंदावते आणि ती साध्या पट्टीने मोजता येते. अल्बर्ट लेवान या संशोधकाने १९३८ मध्ये रसायनांचा परिणाम अभ्यासण्यासाठी कांद्याच्या मुळांचा वापर केला. पुढे १९८५ मध्ये गेइरिड फिस्केश्यो यांनी या पद्धतीला पर्यावरणातील विषारीपणा तपासण्याच्या प्रमाणित चाचणीचे रूप दिले. तिला कांद्याच्या शास्त्रीय नावावरून अॅलियम चाचणी म्हणतात. शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर त्याच मुळांच्या टोकांतील पेशींचे विभाजनही पाहता येते. कांद्याच्या पेशीत गुणसूत्रे फक्त १६ असतात आणि ती मोठी असतात, म्हणून ती नीट दिसतात.

कांदा निवडताना मात्र नाशिककरांनी एक काळजी घ्यायला हवी. लासलगाव येथे भाभा अणुसंशोधन केंद्राचे ‘कृषक’ हे विकिरण केंद्र आहे. तेथे कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून त्यावर गॅमा किरणांचा मारा केला जातो. खाण्यासाठी असा कांदा सुरक्षित असतो, पण त्याच्या वाढणाऱ्या पेशींची विभाजनक्षमता जाणीवपूर्वक रोखलेली असते, म्हणून मुळांच्या प्रयोगाला तो चालणार नाही. दुसरी गोष्ट कांद्याच्या सुप्तावस्थेची. नुकताच काढलेला उन्हाळ (उन्हाळ्यात निघणारा) कांदा काही आठवडे जणू झोपलेला असतो, त्याला मुळे उशिरा आणि असमान फुटतात. तेव्हा सगळे कांदे एकाच शेतकऱ्याच्या एकाच चाळीतील (कांदा साठवण्याच्या जागेतील), एकाच वाणाचे आणि साधारण एकाच आकाराचे घ्यावेत. निम्मे कांदे लाल आणि निम्मे उन्हाळ असतील, तर मुळांतील फरक पावडरीमुळे पडला की वाणामुळे, हे कधीच कळणार नाही.

एक बदला, एक मोजा, बाकीचे तसेच ठेवा

प्रयोगात ज्या गोष्टींचे मूल्य बदलू शकते, त्यांना ‘चल’ म्हणतात. आपण मुद्दाम बदलतो तो स्वतंत्र चल, म्हणजे येथे पावडरीचे प्रमाण. त्यामुळे बदलेल असे वाटते आणि जे आपण मोजतो तो अवलंबी चल, म्हणजे मुळांची वाढ. उरलेले सगळे चल, म्हणजे तापमान, उजेड, पाण्याचा स्रोत, ग्लासचा आकार, वेळ, हे स्थिर ठेवायचे असतात.

दिंडोरी-निफाडच्या द्राक्ष बागायतदाराला हे तत्त्व वेगळे शिकवावे लागत नाही. नवे औषध परिणामकारक आहे का हे पाहायचे असेल, तर तो त्याच बागेतील एखादी ओळ त्या फवारणीवाचून सोडतो आणि खत, पाणी, छाटणी मात्र दोन्हीकडे सारखीच ठेवतो. त्याच वर्षी खतही बदलले, तर मण्यांची फुगवण कशामुळे झाली हे त्याला सांगता येणार नाही. त्या मोकळ्या सोडलेल्या ओळीला विज्ञानात ‘नियंत्रण गट’ म्हणतात.

आपल्या प्रयोगात नियंत्रण गट म्हणजे पावडर न टाकलेले तेच पाणी. येथे पुष्कळ विद्यार्थी डिस्टिल्ड वॉटर वापरतात, कारण ते ‘शुद्ध’ असते. पण त्यात क्षार जवळजवळ नसतात आणि मुळांच्या वाढीला कॅल्शियमसारखे क्षार लागतात. नियंत्रण गट डिस्टिल्ड पाण्यात आणि पावडरीचा गट नळाच्या पाण्यात ठेवला, तर एकाऐवजी दोन गोष्टी बदलल्या. त्यापेक्षा नळाचे पाणी एका बादलीत भरून, क्लोरीन उडून जावा म्हणून रात्रभर उघडे ठेवून, सर्व गटांसाठी त्याच बादलीतून घेणे अधिक योग्य.

आणखी एक अडचण सहज लक्षात येत नाही. धुण्याची पावडर बहुधा अल्कधर्मी असते. म्हणजे पावडर वाढवली की पाण्याचा पीएच (आम्लता-अल्कधर्मता दाखवणारा आकडा) वाढतो, आणि मुळांची वाढ पावडरीतील फेस करणाऱ्या द्रव्यामुळे थांबली की पीएचमुळे, हा प्रश्न उभा राहतो. शाळकरी प्रकल्पात हे दोन्ही वेगळे काढणे अवघड असले, तरी प्रत्येक द्रावणाचा पीएच लिटमस नव्हे तर पीएच कागदाने मोजून तक्त्यात लिहिता येतो, आणि निष्कर्षात ‘पावडरीच्या द्रावणामुळे’ एवढेच म्हणता येते. ‘फेस करणाऱ्या द्रव्यामुळे’ असे म्हणायचे असेल, तर त्यासाठी वेगळा प्रयोग लागेल.

प्रयोगाआधी काय होईल असे वाटते आणि का, हे लिहून ठेवायचे. याला ‘गृहीतक’ म्हणतात. नुसते ‘मुळे कमी वाढतील’ पुरेसे नाही. फेस करणारी द्रव्ये स्निग्ध पदार्थ सुटे करतात, पेशीपटलात स्निग्ध पदार्थांचे थर असतात, म्हणून मुळाच्या टोकातील पेशींना इजा होऊन वाढ घटेल, असे कारण दिले की मग निकालाचा अर्थ लावायला आधार मिळतो.

‘आमच्याकडे प्रयोगशाळा नाही’

या प्रयोगाला लागतात ते काचेचे सारखे ग्लास, कांदा पाण्यावर तोलून धरायला टूथपिक, मिलिमीटरची पट्टी, दोरा आणि एकदाच शाळेतून वापरायला मिळालेला वजनकाटा व मोजपात्र. १० ग्रॅम पावडर पाण्यात विरघळवून एकूण १ लिटर द्रावण केले की ते १ टक्क्याचे झाले. त्यातील १०० मिलिलिटर घेऊन पाण्याने १ लिटर केले की ०.१ टक्का. याच रीतीने ०.५, ०.०५ आणि ०.०१ टक्क्यांची द्रावणे होतात.

कांद्याची बाहेरची सुकी साले आणि तळाची वाळलेली मुळे हलक्या हाताने काढावीत, पण ज्या चकतीतून मुळे फुटतात तिला इजा होऊ देऊ नये. आधी सर्व कांदे साध्या पाण्यावर ठेवावेत. दोन-तीन दिवसांत मुळे फुटतील. ज्यांना फुटणार नाहीत ते बाजूला काढून, उरलेल्यांतून साधारण सारख्या लांबीची मुळे असलेले कांदे निवडावेत आणि मगच ते द्रावणांवर ठेवावेत. द्रावण रोज त्याच वेळी बदलावे, कारण पाणी उडून गेले की प्रमाण वाढते आणि साचलेल्या पाण्यात मुळांना ऑक्सिजन कमी पडतो. ग्लास थेट उन्हात ठेवू नयेत. खोलीचे तापमान रोज दोनदा लिहावे. नाशिकच्या थंडीत रात्रीचे आणि दुपारचे तापमान पुष्कळ वेगळे असते, त्यामुळे सगळे ग्लास एकाच खोलीत असणे महत्त्वाचे आहे.

किती कांदे घ्यायचे?

एका ग्लासात एक कांदा आणि दुसऱ्यात दुसरा, एवढ्यावर केलेला प्रयोग काहीच सांगत नाही, कारण दोन कांदे मुळातच वेगळे असतात. प्रत्येक पातळीला किमान ५ कांदे घ्यावेत. शून्यासह पाच पातळ्या धरल्या तर २५ कांदे होतात, म्हणजे घरात झेपण्याजोगे काम आहे.

‘एकाच कांद्याला वीस मुळे असतात, मग तीच वीस मोजमापे का धरू नयेत?’ असे अनेक जण विचारतात. ती वीस मुळे एकाच कांद्याची, एकाच ग्लासातील आहेत. तो कांदा मुळात अशक्त असेल तर वीसही मुळे आखूड राहतील. म्हणून एका कांद्याची ठरवून घेतलेली मुळे, समजा सर्वांत लांब पाच, मोजून त्यांची सरासरी काढायची आणि त्या कांद्यासाठी एकच आकडा लिहायचा. एकाच नमुन्याची अनेक मोजमापे अनेक नमुने म्हणून मोजण्याच्या चुकीवर स्टुअर्ट हर्लबर्ट या परिसंस्थातज्ज्ञाने १९८४ मध्ये सविस्तर लिहिले, आणि व्यावसायिक संशोधकांच्या लेखांतही ती किती आढळते ते दाखवून दिले. तेव्हा विद्यार्थ्याने ती टाळली, तर परीक्षक त्याची दखल घेतल्याशिवाय राहणार नाही.

कोणता कांदा कोणत्या गटात जाईल, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे. हाताने निवडताना नकळत टपोरे कांदे एका बाजूला जातात. शक्य झाल्यास मोजणाऱ्याला ग्लासवर केवळ क्रमांक दिसावा, प्रमाण दिसू नये. हे काम भावंडाकडे किंवा मित्राकडे सोपवता येते. वाकडे मूळ पट्टीला लावून अंदाजे मोजण्याऐवजी त्यावर ओला दोरा ठेवून मग दोरा मोजावा, आणि पट्टीचा लहानात लहान भाग १ मिलिमीटरचा आहे हेही अहवालात नोंदवावे.

नोंदी पेनाने, तारीख-वेळेसह, एकाच वहीत करायच्या. चुकलेला आकडा खोडरबराने पुसायचा नाही. एका रेघेने काटून शेजारी योग्य आकडा आणि कारण लिहायचे. ग्लास सांडला, एखादा कांदा सडला, वीज गेली, हे सगळे त्या वहीत आले पाहिजे. नंतर सुवाच्य अक्षरात उतरवून काढलेल्या वहीपेक्षा डाग पडलेली मूळ वही कितीतरी मोलाची असते.

आकड्यांचे काय करायचे?

समजा, नियंत्रण गटातील पाच कांद्यांची वाढ ४२, ३८, ४५, ४० आणि ३५ मिलिमीटर झाली, तर ०.०५ टक्क्याच्या गटातील ३०, ४१, २४, ३६ आणि २९. सरासऱ्या ४० आणि ३२ येतात. ‘म्हणजे पावडरीमुळे वाढ ८ मिलिमीटरने घटली’ असे लिहून मोकळे व्हावेसे वाटते. पण पुन्हा आकडे पाहा. पावडरीच्या गटातला ४१ मिलिमीटर वाढलेला कांदा नियंत्रण गटातल्या तिघांपेक्षा पुढे आहे. सरासरी एकटी हे लपवते. म्हणून तिच्याबरोबर आकडे किती विखुरलेले आहेत हे सांगावे लागते, आणि त्यासाठी ‘प्रमाण विचलन’ काढतात. आकडे सरासरीपासून साधारण किती दूर पसरले आहेत, हे ते सांगते. येथे ते अनुक्रमे सुमारे ३.८ आणि ६.६ येते. कॅल्क्युलेटर किंवा मोबाइलमधील स्प्रेडशीट हे क्षणात काढून देते.

आता प्रश्न असा की, पावडरीचा काहीच परिणाम नसतानाही निव्वळ योगायोगाने इतका फरक पडला असता का? याचे उत्तर टी-चाचणी देते. विल्यम गॉसेट याने ती १९०८ मध्ये मांडली. तो गिनेस या मद्यकंपनीत काम करत होता आणि थोड्याच नमुन्यांवरून निर्णय घेण्याची त्याची अडचण होती. शाळकरी प्रकल्पाचीही अडचण नेमकी तीच असते. दोन्ही गटांतील विखुरणे सारखे धरून वरील आकड्यांचे टी-मूल्य सुमारे २.३५ येते. प्रत्येक गटात पाच नमुने असताना रूढ ५ टक्क्यांच्या कसोटीला, म्हणजे परिणाम नसतानाही इतका फरक निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी असायला, ते २.३१ पेक्षा जास्त असावे लागते. म्हणजे फरक कसोटीला उतरला, पण अगदी काठावर.

तो किती काठावर आहे हे पाहण्यासाठी एकच आकडा बदलून बघा. २४ मिलिमीटरच्या जागी त्या कांद्याची वाढ ३४ मिलिमीटर झाली असती, तर टी-मूल्य सुमारे २.१८ झाले असते आणि हाच प्रयोग कसोटीला उतरला नसता. सगळा निकाल एका कांद्यावर उभा असेल, तर अहवालात ‘सिद्ध झाले’ हा शब्द येता कामा नये. ‘या प्रमाणाला वाढ घटल्याचे दिसते, पण पुरावा दुबळा आहे, अधिक नमुने हवेत’ हे वाक्य दिसायला साधे असले तरी अधिक शास्त्रीय आहे. तो २४ चा कांदा सोयीनुसार ठेवावा किंवा वगळावा असेही चालत नाही. वगळण्याचा नियम, जसे की तळ सडलेला कांदा मोजायचा नाही, आकडे पाहण्याआधीच ठरवून वहीत लिहिलेला असावा.

पाचही पातळ्यांची तुलना करताना प्रत्येक जोडीवर वेगवेगळी टी-चाचणी लावू नये. जितक्या अधिक चाचण्या, तितकी एखादी योगायोगाने उतरण्याची शक्यता जास्त. तेथे अॅनोव्हा नावाची एकत्रित चाचणी वापरतात. चाचणी जमली नाही तरी आलेख जरूर काढावा: आडव्या अक्षावर पावडरीचे प्रमाण, उभ्या अक्षावर वाढ मिलिमीटरमध्ये, आणि प्रत्येक कांद्याचा बिंदू वेगळा दाखवलेला. पुष्कळदा डोळ्यांना तेथेच उत्तर दिसते.

‘अपेक्षेच्या उलट निकाल आला तर गुण जातील का?’

या भीतीपोटी आकडे ‘दुरुस्त’ केले जातात, आणि ही गोष्ट मला फार गंभीर वाटते. इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय शालेय अभ्यासक्रमाच्या जीवशास्त्रात २०२५ पासून लागू झालेल्या मूल्यमापनात विद्यार्थ्याच्या स्वतंत्र शोधप्रकल्पाला २४ पैकी गुण देतात. संशोधनाचा आराखडा, आकड्यांचे विश्लेषण, निष्कर्ष आणि मूल्यमापन या चार निकषांना प्रत्येकी ६ गुण आहेत. अपेक्षित निकाल आला म्हणून गुण द्यावेत, असा निकष त्यांत नाही. निष्कर्ष हातातील आकड्यांना धरून आहे का, हे पाहिले जाते. अहवालाची मर्यादाही ३००० शब्दांची आहे, म्हणजे पाने भरण्यालाही तेथे किंमत नाही.

सर्वांत कमी प्रमाणाच्या द्रावणात मुळे उलट थोडी जास्त वाढली, असे होऊ शकते. विखुरणे पाहता तो फरक योगायोगाचा आहे का, की पावडरीतील एखादे द्रव्य अल्प प्रमाणात पोषक ठरले असेल, असा विचार अहवालात मांडता येतो. काहीच फरक पडला नाही, हेही उत्तरच आहे. फक्त ‘परिणाम नाही’ आणि ‘एवढ्या नमुन्यांत परिणाम दिसून आला नाही’ या दोन वाक्यांतील फरक पाळला पाहिजे.

मग नदीचे काय?

गंगापूर धरणाच्या खाली, सोमेश्वरजवळ, रामकुंडावर आणि तपोवनात, अशा चार जागांचे पाणी आणून त्यावर कांदे ठेवता येतील. हा चांगला प्रकल्प होऊ शकतो, पण त्याचे उत्तर वेगळ्या प्रकारचे असेल. या चार पाण्यांत साबण, सांडपाणी, क्षार, गाळ असे सारे काही एकाच वेळी वेगळे आहे. त्यामुळे ‘तपोवनच्या पाण्यात मुळांची वाढ कमी झाली’ असे सांगता येईल, ‘साबणामुळे कमी झाली’ असे सांगता येणार नाही. शिवाय एकाच दिवशी भरलेली एक बाटली म्हणजे त्या जागेचा एकच नमुना. त्यावर पाच कांदे ठेवले तरी जागेचे नमुने पाच होत नाहीत. नियंत्रित प्रयोग आणि नदीचे निरीक्षण, दोन्ही जोडले तर अहवाल भक्कम होतो: एकाने कारण तपासले, दुसऱ्याने प्रत्यक्ष परिस्थिती.

निरीक्षणावर आधारलेले प्रकल्प कमी दर्जाचे नसतात. नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आपल्याच जिल्ह्यात आहे, आणि ठरलेल्या जागेवरून ठरलेल्या वेळी केलेली पक्षीगणना हा उत्तम अभ्यास आहे. मात्र दोन गोष्टी बरोबरीने वाढल्या, म्हणून एकीमुळे दुसरी वाढली असे त्यात म्हणता येत नाही.

काही मर्यादा पाळायच्याच

नदीच्या पाण्यातील जीवाणू घरी वाढवू नयेत. काय वाढते आहे हे आपल्याला ठाऊक नसते, आणि त्यात रोगकारक जीवाणू असू शकतात. शाळकरी विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय विज्ञान स्पर्धांतही घरी जीवाणू वाढवण्यास बंदी आहे. पक्षी, मासे, उंदीर अशा प्राण्यांना त्रास होईल असे काही करू नये. माणसांची नाडी किंवा झोप मोजायची असेल तर त्यांची, आणि ती लहान असतील तर पालकांचीही, आधी परवानगी घ्यावी. अंजनेरीच्या डोंगरावरून नमुन्यासाठी वनस्पती उपटू नयेत. त्या डोंगराचेच नाव मिळालेली सेरोपेजिया अंजनेरिका ही कंदीलपुष्पाची जात अत्यंत दुर्मीळ आहे, आणि तिचे छायाचित्र पुरेसे आहे. नदीचे पाणी भरताना हातमोजे घालावेत आणि एकट्याने काठावर उतरू नये.

अहवाल कोणासाठी लिहायचा?

अहवाल लिहिताना डोळ्यांसमोर असा वाचक ठेवावा, जो मालेगावच्या किंवा सिन्नरच्या एखाद्या शाळेत बसून, आपल्याला काहीही न विचारता, हाच प्रयोग पुन्हा करणार आहे. त्याला लागेल ते सगळे त्यात हवे आणि नको ते काहीही नको. ‘थोडी पावडर टाकली’ हे त्याच्या उपयोगाचे नाही, ‘१० ग्रॅम पावडर’ आहे. ‘कांदे घेतले’ पुरेसे नाही. वाण, काढणीचा महिना, सरासरी वजन हवे. कृती भूतकाळात लिहायची, कारण जे केले ते सांगायचे आहे, पाककृतीसारख्या सूचना द्यायच्या नाहीत.

शीर्षकात दोन्ही चल आले पाहिजेत. प्रस्तावनेत ‘पाणी म्हणजे जीवन’ अशी सुरुवात न करता, थेट हा प्रश्न कोठून सुचला आणि त्याबद्दल आधी काय माहीत आहे, हे लिहावे. तक्त्यात एकक स्तंभाच्या मथळ्यात एकदाच द्यावे. आकडे एका भागात आणि त्यांचा अर्थ दुसऱ्या भागात ठेवला, तर वाचकाला स्वतःचा अर्थ लावण्याची मोकळीक राहते.

मर्यादांचा भाग बहुधा सर्वांत दुबळा असतो. ‘मानवी चुका झाल्या असतील’, ‘वेळ कमी होता’ अशी वाक्ये कोणत्याही प्रकल्पाला चिकटवता येतात, म्हणून ती काहीच सांगत नाहीत. त्याऐवजी असे लिहावे: ‘पावडरीबरोबर पीएचही ७ वरून ९ कडे गेला, त्यामुळे दोन्हींचे परिणाम वेगळे करता आले नाहीत. पुढच्या वेळी त्याच पीएचचे, पण पावडर नसलेले द्रावण धुण्याच्या सोड्यासारख्या पदार्थाने तयार करून तुलनेला ठेवता येईल.’ उणीव, तिचा निकालावर झालेला परिणाम आणि तिच्यावरील उपाय, तिन्ही एकत्र आले. जो विद्यार्थी हे लिहू शकतो, त्याला आपला प्रयोग समजला आहे यात शंका राहत नाही.

‘हे तर आधीच माहीत आहे, त्यात नवे काय?’

साबणाच्या पाण्याने मुळांना अपाय होतो हे सर्वसाधारणपणे माहीत आहे. पण आपल्या घरातील पावडर, आपल्या चाळीतील कांदा, आपल्या नळाचे पाणी, आणि नेमक्या किती प्रमाणाला परिणाम सुरू होतो, हे कोठे छापलेले नाही. बारावीच्या विद्यार्थ्याकडून जगाला अज्ञात असे सत्य शोधण्याची अपेक्षा नसते. त्याला स्वतःला आधी माहीत नसलेले उत्तर त्याने स्वतःच्या आकड्यांतून काढले, एवढे पुरे आहे.

‘तयार प्रकल्प मिळतो, शिवाय एआय लिहून देते, मग एवढे कष्ट कशाला?’

तयार फाईल विकत आणून देणाऱ्या पालकांचा हेतू वाईट नसतो. मुलाचा बारावीचा वेळ वाचावा, क्लासचा अभ्यास व्हावा, असे त्यांना वाटते. पण त्या फाईलमधील आकडे कोणीच मोजलेले नसतात. एआयच्या बाबतीतही हेच लागू आहे. प्रश्न अधिक नेमका कसा करावा, एखादी चाचणी कशी काढतात, वाक्य कोठे गुंतागुंतीचे झाले आहे, हे त्याला विचारायला हरकत नाही, आणि विचारले असेल तर तसे अहवालात नमूद करावे. मात्र त्याने बनवून दिलेले आकडे वापरणे म्हणजे न केलेला प्रयोग केला म्हणून सांगणे आहे. तोंडी परीक्षेत ‘तिसऱ्या ग्लासातील कांदा का सडला?’ असे कोणी विचारले, तर ज्याने त्या ग्लासातील द्रावण रोज बदलले त्यालाच उत्तर येईल.

केव्हा सुरू करावे?

प्रत्यक्ष प्रयोगाला जेमतेम आठवडा लागतो, त्यामुळे विद्यार्थी तो शेवटच्या पंधरवड्यावर ढकलतात. पण आधी दोन-तीन कांद्यांवर चाचपणी करायला हवी. ०.५ टक्क्याला सगळीच मुळे मरत असतील आणि ०.०१ ला काहीच होत नसेल, तर पातळ्या नव्याने ठरवाव्या लागतात. कधी कांद्यांना मुळेच फुटत नाहीत आणि दुसऱ्या चाळीतून कांदे आणावे लागतात. मुख्य प्रयोग झाल्यावर तो निदान एकदा तरी पुन्हा करायला वेळ हवा. अहवालाचा पहिला मसुदा लिहिताना हमखास लक्षात येते की एखादी गोष्ट मोजायची राहिली आहे, आणि ती मोजायला कांदे अजून मिळत असले पाहिजेत. डिसेंबर-जानेवारीत अहवाल द्यायचा असेल, तर प्रश्न ऑगस्टमध्ये ठरलेला असावा आणि चाचपणी गणपतीच्या सुट्टीत उरकलेली असावी. दिवाळीच्या सुट्टीत मुख्य प्रयोग निवांत करता येतो. पावसाळा संपताना मुले साठवणीतला उन्हाळ कांदा घेतात, तेव्हा त्याची सुप्तावस्था बहुधा सरलेली असते आणि तो मुळे धरायला तयार असतो.